छाटणीनंतरचा एकाहत्तरावा दिवस

५ ऑक्टोबर २०२५, एकलहरे

लिहून घेणार: रविराज कारभारी गांगुर्डे, राहणार तालुका दिंडोरी.
लिहून देणार: हर्षाली जीवन शेवाळे, त्याची सख्खी धाकटी बहीण.

मायना मुद्दाम असा घातलाय. आपल्या दोघांमधला शेवटचा कागद याच शब्दांनी सुरू झाला होता आणि त्यावर तू माझी सही घेतली होतीस. निदान हे शब्द तरी तुला ओळखीचे वाटतील. माझा नंबर तू ब्लॉक केलास. यांचाही केलास, यांनी तुझं काय घोडं मारलं होतं ते कळलं नाही. चाळीस किलोमीटरवर सख्खा भाऊ राहतो आणि मी पत्र टाकायला पोस्टाची पेटी शोधत फिरतेय.

गावभर सांगत सुटला आहेस की बहिणीनं बापाचा आवाज पुसला. सरुबाई मावशीचा मला फोन आला. "आगं हर्षे, तू आबाचा आवाज मिटवला म्हनं. खरं हाय का?" फोनवर काय सांगणार तिला? म्हणून जे झालं ते लेखी देते. कागद सांभाळायची तुला सवय आहेच.

आबा तेरा हंगाम रोज सकाळी द्राक्षबागेत उभे राहून मोबाईलमध्ये बोलत होते. तो पहिला मोबाईल मला नोकरी लागल्यावर मीच त्यांना दिला होता. आपले तीन प्लॉट, खालचा, विहिरीचा आणि वाटेचा. तिघांची छाटणी वेगवेगळ्या दिवशी, म्हणून तिघांचा आकडा वेगळा. "खालचा, पंचेचाळीस," असं म्हणून आबा सुरुवात करायचे. म्हणजे छाटणीला पंचेचाळीस दिवस झाले. मग पानावर काय दिसलं, पाणी किती सोडलं, कोणतं औषध मारलं, सगळं. दर उन्हाळ्यात मी माहेरी आले की ते बोलणं मोबाईलमधून डिस्कवर उतरवून घ्यायची आणि मोबाईल रिकामा करून द्यायची. वर्षाचं एक फोल्डर, त्याच्या आत प्लॉटचं, त्याच्या आत दिवसाच्या आकड्याची फाईल. मागच्या वर्षी आबांना लकवा झाला आणि वाचा गेली, तेव्हा तो हंगाम त्यांच्या जागी तू बोललास. एप्रिलमध्ये आबा गेले.

सप्टेंबरमध्ये तू ती डिस्क पिशवीत घालून माझ्याकडे आलास. नीट आठव काय बोललास ते.

"मला येवढी फोल्डरं उघडत बसायला टाइम नाय. मोबाईलात पंचेचाळीस टाकलं का पंचेचाळीस वाजलं पायजे."

मी विचारलं, "आणि वर्ष?"

"वर्ष कशाला घालती मधी? आम्ही दिवस मोजतो. तुला बागेतलं काय कळतं?"

मला बागेतलं कळत नाही, खरं आहे. मी नाशिकरोडच्या एका ऑफिसात जुने कागद स्कॅन करून त्यांच्या फायलींना नावं देण्याचं काम करते. हजारो फायलींची नावं हातानं बदलत बसत नाहीत, त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहितात. तुझ्यासाठी तो मी लिहिला, तू सांगितलास तसाच. फोल्डरात शिरायचं, आत आणखी फोल्डर असेल तर त्यातही शिरायचं, पार तळाला फाईल लागेपर्यंत. फाईल लागली की तिच्या नावात प्लॉट आणि दिवस एवढंच ठेवायचं आणि सगळ्या एका जागी आणून टाकायच्या. वर्ष गाळायचं.

आता चौदा वर्षांत 'खालचा ४५' चौदा वेळा येतो. एका जागी एका नावाच्या दोन फायली राहत नाहीत. नंतरची आली की आधीची जाते. प्रोग्राम २०११ पासून निघाला आणि २०२४ ला थांबला. शेवटचं वर्ष तुझ्या आवाजाचं होतं, म्हणून तुझा आवाज राहिला. तीन हजार नऊशे बारा फायलींच्या तीनशे चार उरल्या.

यंत्राला जे सांगावं ते यंत्र करतं. सांगणारा तू होतास. कॉपी नाही, शोधू नकोस.

वरील मजकूर वाचून, समजून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिला आहे.

लिहून देणार,
हर्षाली जीवन शेवाळे


२४ ऑक्टोबर २०२५

रविराज,

काल भाऊबीज झाली. मी पाट मांडला नव्हता. शेजारणीचा भाऊ घोटीहून तांदळाचं पोतं घेऊन आला होता, तिनं माझ्याकडून ओवाळायला निरांजन मागून नेलं. दिलं. आज सकाळी घासून परत केलं तिनं. एवढीच माझी भाऊबीज.

पहिल्या पत्राला तुझं उत्तर नाही. नसू दे. तू सप्टेंबरमध्ये आलास तेव्हा पावणेतीन वर्षांनी माझ्या घरात पाणी प्यायलास, हे मी त्या पत्रात लिहिलं नव्हतं. तू दारात दिसलास तेव्हा क्षणभर वाटलं, मला भेटायला आलाय. मग पिशवीतून डिस्क काढलीस.

२० डिसेंबर २०२२. दिंडोरीला निबंधकाच्या ऑफिसबाहेर त्या मुद्रांकवाल्याच्या टेबलापाशी तू मला उभं केलंस. बहिणीनं वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडायचा, बदल्यात साडी घ्यायची, आणि माहेर शाबूत राहतं म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. आत्यांनी तेच केलं, मावशीनंही. मी सही करायला नाही म्हणाले नव्हते. फक्त विचारलं होतं, आबांना हे पाहिजे आहे का?

तू म्हणालास, "आबाची इच्छा नाय. पन मला पुढं कटकट नको. तू त्यांना काय इचारू नको, त्यांना तरास व्हईल."

आबा समोर जीपमध्ये बसले होते. टोपी मांडीवर काढून ठेवलेली. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, पोरानं आपलं ऐकलं नाही म्हणून म्हाताऱ्याला वाईट वाटतंय. मी सही केली ती त्यांच्यासाठी. म्हटलं, माझ्यामुळे त्यांच्या घरात भांडण नको. नंतर तू चहाला चल म्हणालास तेव्हा मी सरळ एसटीत जाऊन बसले. साडी जीपमध्येच राहिली. ती कोण नेसतं आता?

त्या दिवसापासून मला तुझा राग आहे. तुझ्या आवाजाचा, तुझ्या त्या "तुला काय कळतं"चा. बापाची इच्छा नसताना बहिणीकडून सही घेणारा माणूस मला माझा भाऊ वाटत नाही. आबा लकव्यानं पडले तेव्हा मी आठ दिवस राहिले, त्यांना भरवलं, पण तुझ्याशी बोलले नाही, आणि आबांना काही विचारावं तर त्यांना बोलता येत नव्हतं.

हे सगळं फायलींच्या बाबतीत कशाला लिहिते आहे, असं तुला वाटेल. वाटू दे.

हर्षाली


१८ नोव्हेंबर २०२५

रविराज,

परवा आई येऊन गेली. तुला सांगून आली नसणार, मला कळलं ते तिच्या घाईवरून. डब्यात मेथीचे लाडू होते आणि डोळे सुजलेले. माझ्याकडे कपाटाला पाठ लावून खाली बसली आणि तासभर तुझ्याबद्दलच बोलली.

"सकाळी उठतो न् बागंत जातो. मोबाईल कानाला लावतो. जो दिस आसंल तो लावतो आन् त्याचाच आवाज येतो त्याला. मंग मोबाईल खिशात टाकतो आन् तसाच हुबा ऱ्हातो. सतराच दिस आबा बोलत्यात, बाकी समदा ह्योच."

सतरा कसे राहिले, ते तिला समजावून सांगितलं. मागच्या हंगामात ज्या दिवशी तू काही बोललाच नाहीस, त्या दिवसाची तुझी फाईल नव्हती, म्हणून त्याच्या आधीची पुसली गेली नाही. तू ज्या दिवशी कंटाळा केलास किंवा आबांना घेऊन दवाखान्यात होतास, तेवढ्याच दिवशी आबा शिल्लक राहिले. आईला त्यातलं काय समजलं कोण जाणे. ती म्हणाली, "मंग त्यानं रोजच कटाळा करायला पायजे व्हता."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. आईसमोर रडले नाही.

तिनं आणखी एक सांगितलं. यंदा पाऊस हलला नाही, खालच्या प्लॉटात घडांना कूज लागली आहे. २०१९ ला असाच पाऊस होता, गावातल्या निम्म्या बागा गेल्या आणि आबांनी खालचा प्लॉट वाचवला. काय केलं होतं ते तुला आठवत नाही, कारण त्या साली तू पिकअप घेऊन बाहेर होतास. आबांनी ते मोबाईलमध्ये बोलून ठेवलं होतं हे तुला पक्कं माहीत आहे. आई म्हणाली, "लय औषधं मारली. नाय थांबत. तू काय तरी कर हर्षे, तुझ्या त्या कंप्युटरला इचार."

मी म्हटलं, गेलेलं परत येत नाही आई.

ती लाडवांचा डबा इथेच विसरून गेली.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, ती करून टाकते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की यंत्राला सांगावं ते यंत्र करतं. खरं आहे. पण एका नावाची दुसरी फाईल आली तर माझे प्रोग्राम थांबतात आणि विचारतात, काय करू? ऑफिसात मी सगळे असेच लिहिते, कारण लोकांच्या कागदांशी खेळ चालत नाही. तुझाही तसाच लिहिला होता. पहिल्यांदा चालवला तेव्हा तो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच फाईलवर थांबला आणि त्यानं विचारलं. तू मागे सोफ्यावर मोबाईल बघत बसला होतास. मी वळून तुला सांगू शकले असते. तेव्हाच तू विचारलंस, "झालं का? का येवढंसुदा येत नाय?"

मी परत प्रोग्रामात शिरले आणि विचारायचं बंद करायला सांगणारा शब्द तिथे लिहिला. मग तो न थांबता शेवटपर्यंत गेला. मला ठाऊक होतं काय होणार ते.

म्हणजे गावात तू जे सांगतोस ते खोटं नाही.

हर्षाली


९ डिसेंबर २०२५

रविराज,

आईचा फोन आला होता, शेजारच्या बायडाबाईच्या मोबाईलवरून. खालचा प्लॉट निम्म्याहून जास्त गेला म्हणाली. तू मजुरांना सांगून सडके घड काढून बांधावर टाकलेस.

२०१९, खालचा, अडतिसावा दिवस. आबा म्हणतात, "पाऊस थांबायची वाट बघत बसू नको. औषधानं एकट्यानं भागत नाय. दाटी काढ, घडाजवळची पानं काढ, वारं खेळू दे बागंत. आज आठ बाया लावल्या, समदा प्लॉट मोकळा केला. मन धजत नव्हतं, पन केला."

हे मला शब्दन् शब्द पाठ आहे. कॉपी आहे, दादा. पहिल्यापासून आहे. कोणाचंही काम हातात घेतलं की आधी सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं आणि मग हात लावायचा, ही माझी सवय. तू चहा पीत होतास तेव्हाच उतरवून झालं होतं. आई माझ्याकडे आली तेव्हा ज्या कपाटाला पाठ लावून बसली होती, त्याच कपाटात, साड्यांच्या खाली ती डिस्क होती. आई म्हणत होती तू काय तरी कर, आणि मी तिच्या डोक्यावरून त्या कपाटाकडे बघत होते. तेव्हा दिली असती तर प्लॉट कितपत वाचला असता मला माहीत नाही. थोडा तरी वाचला असता.

का दिली नाही ते सांगते. तुला शिक्षा म्हणून, हे आहेच. दुसरं असं, की मी ते सगळं ऐकते आहे. ऑफिसातून आल्यावर स्वयंपाक करताना, कपडे घड्या घालताना, रोज. २०११ पासून ओळीनं. आबा रोज बोलत होते, म्हणजे त्या डिसेंबरातही बोलले असणार. त्यात कुठेतरी एक वाक्य असेल, की रवीनं माझं ऐकलं नाही, पोरीकडून सही घ्यायला नको होती. ते वाक्य काढून मी तुझ्या तोंडावर मारणार होते. सगळ्या नातेवाइकांत वाजवणार होते. सरळ २०२२ चं फोल्डर उघडता आलं असतं. धीर झाला नाही. म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

तीन हजारांच्या आसपास ऐकून झाल्या. आबा विहिरीच्या मोटारीबद्दल बोलतात, वेलीचे डोळे फुगले का नाही ते बोलतात, गडी बहिरू वेळेवर आला नाही म्हणून शिव्या देतात. कुत्र्याला टाके पडले तर त्यावर तीन दिवस बोलतात. माझ्या लग्नाच्या दिवशी काय बोलले माहीत आहे? "वाटेचा, एकशे बारा. आज पोरीचं लगीन. काढणी परवाच्याला." एवढंच, दहा शब्दही नाहीत. मी ते सहा वेळा ऐकलं.

मी २०२१ संपवत आणलं आहे. पुढचं ऐकून झालं की डिस्क पाठवते. तोवर मागू नकोस.

हर्षाली


३ जानेवारी २०२६

दादा,

परवा तू कॉलनीच्या गेटपर्यंत येऊन परत गेलास. वॉचमननं सांगितलं, पिकअप होती. नंबरावरून काय कळणार, एमएच पंधराच सगळ्यांची. पण म्हणाला, मागे द्राक्षाच्या रिकाम्या जाळ्या होत्या आणि माणूस अर्धा तास स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. तूच. आत यायचं होतंस.

२०२२ ऐकून झालं. विहिरीचा प्लॉट, एकाहत्तरावा दिवस. तारीख मी मोजून काढली, २० डिसेंबरच येते. आबा संध्याकाळी बोललेत, कारण मागे गाई परत येतात त्याचा आवाज आहे. त्यांनी काय म्हटलं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या तोंडून ते मला कधीच ऐकू येणार नाही.

"विहिरीचा, एकाहत्तर. मणी बरा हाय. आज सही झाली. रवी नकोच म्हनत व्हता. म्हनला आबा, तिचं तिला ऱ्हाऊ द्या, वाटेचा प्लॉट तिच्या नावानं करू. म्याच म्हनलो, जमीन तुटली का बाग तुटली. त्याला म्हनलो तुझं नाव सांग, माझं सांगू नको. पोरीनं माझ्यावं राग धरला तं मला सोसायचं नाय. चहा बी नाय घेतला तिनं. वारं सुटलंय. उद्या फवारणी."

मग थोडा वेळ नुसतं वारं आहे आणि मग बंद होतं.

मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला. हे आले, म्हणाले काय झालं. मी तेच पुन्हा लावलं.

तीन वर्षं तू माझा राग सोसलास. लग्नकार्यात मी तुझ्याकडे पाठ फिरवून बसायची, तेव्हा गप्प राहिलास. आबा गेल्यावरही बोलला नाहीस. तेव्हा तरी काय हरकत होती? मेलेल्या माणसावर मी किती रागावले असते? सप्टेंबरात सोफ्यावर बसून मला "येवढंसुदा येत नाय" म्हणालास, त्याऐवजी हे म्हणाला असतास तर तुझा खालचा प्लॉट आज उभा असता.

मला तुझे आभार मानायचे नाहीत. तू बापाला माझ्या रागापासून वाचवलंस आणि त्यात बहीण घालवलीस. त्यांनी सांगितलं आणि तू केलंस, काही न विचारता. माझ्या प्रोग्रामला मी तेच करायला लावलं होतं. आपण दोघंही कारभारी गांगुर्ड्यांचीच, त्यात शंका नको. आणि ते स्वतः, रोज पानापानाला हात लावून बघणारा माणूस, मुलीच्या तोंडाकडे बघायला घाबरले. जीपमध्ये बसून राहिले. मला त्यांचाही राग येतो आहे आता, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. तुझ्यावर ठेवणं सोपं होतं.

पण तू नको म्हणाला होतास. हे मी किती वेळा मागे जाऊन ऐकलं असेल. "रवी नकोच म्हनत व्हता." एवढ्यासाठी तुझ्याशी भांडण संपलं, असं म्हणायला जीभ वळत नाही. तू माझ्याशी खोटं बोललास आणि मी तुझ्याशी. माझ्या खोट्यानं तुझी बाग गेली.

या पाकिटाबरोबर डिस्क येते आहे. सगळ्या फायलींची नावं नव्यानं दिली आहेत, आधी वर्ष, मग प्लॉट, मग दिवस. यावेळी प्रोग्राम प्रत्येक ठिकाणी थांबून विचारेल असा लिहिला आणि प्रत्येक उत्तर मी स्वतः दिलं. तुझ्याही तीनशेच्या आसपास आहेत. त्या पुसू नकोस. आबा अंथरुणावर पडलेले असताना तू रोज सकाळी बागेत जाऊन त्यांच्यासारखा आकडा म्हणून सुरुवात करतोस, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक वेळी चुकतोस. त्याही मी ऐकल्या.

तीन हजार नऊशे बारा होत्या. डिस्कवर तीन हजार नऊशे अकरा आहेत. मोजून बघशील म्हणून आधीच सांगते, यावेळी प्रोग्रामची चूक नाही. २०२२, विहिरीचा, एकाहत्तर ही मी काढून घेतली आहे आणि तिची दुसरी कॉपी कुठेही नाही.

जमीन तुझी आहे. बाग तुझी, विहीर तुझी, बाकीचे सगळे दिवस तुझे. मी सही केली ती केली, मोडणार नाही. पण त्या एका मिनिटात आबा माझ्याबद्दल बोलतात. कारभारी गांगुर्ड्यांच्या इस्टेटीतला माझा वाटा तेवढाच, आणि तो मी ठेवून घेतला आहे.

याचं हक्कसोडपत्र घेऊन येऊ नकोस. नुसता आलास तर चहा ठेवीन.

हर्षा